फुल्यांच्या घागऱ्याची बाहुली

मी एक जुना घरगुती संगणक आहे. मित्रांनो, ‘बिचारा’ म्हणायला तोंड उघडलं असेल तर मिटा. मला फक्त अक्षरं, आकडे आणि चिन्हं दाखवता येतात, आणि वीज गेली की शिकवलेलं सगळं पुसलं जातं. तुमचा फोन माझ्याहून कितीतरी हुशार आहे, हे मला येताजाता ऐकवलं जातं. असेल. आता माझं ऐका.

विद्याधर नावाच्या इंजिनिअरने मला बंगळूरला आणलं. ते सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून आले आणि बनशंकरीत राहिले. मुलगा मकरंद माझ्यावर गणितं शिकेल, अशी त्यांची आशा होती. मकरंदने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते त्याच्या आईने, हेमलताबाईंनी.

दसऱ्याला इथे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, सगळ्यांत वर लाकडी राजाराणी. ही रीत हेमलताबाईंना शेजारच्या सगुणाबाईंनी शिकवली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, बोलणं मराठी आणि त्यात भरपूर कन्नड. दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवीच, असं त्यांनी बजावलं होतं. एका वर्षी आजारपणात बाजार राहून गेला आणि नवी बाहुली काही आली नाही. तेव्हा हेमलताबाईंनी मला टीव्हीला जोडलं. शून्याचं डोकं केलं, तिरक्या रेघांचे हात आणि फुल्यांचा घागरा. एका चित्रात हात वर, दुसऱ्यात खाली. ती दोन चित्रं मी भराभर आलटूनपालटून दाखवली आणि बाहुली नाचू लागली. मला गर्व वाटला, आणि तो अजून उतरलेला नाही.

बायका जमल्या. काचेतली बाहुली बाहुलीत धरायची का, यावर बरीच चर्चा झाली. सगुणाबाईंनी टीव्ही मागूनपुढून पाहिला आणि निकाल दिला, “गोंबेच की ही, बाहुलीच. हलते म्हणून काय झालं? सरी, चालेल, राजाराणीच्या खाली बसवा.”

त्यानंतर कितीतरी दसरे मी पायरीवर होतो. गल्लीतली मुलं लाकडी राजाराणीला सोडून माझ्यापुढे बसत. पुसली जाऊ नये म्हणून टेपच्या कॅसेटवर साठवलेली बाहुली मकरंदने तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरून घालवली, तेव्हा हेमलताबाई ती दरवर्षी आठवून पुन्हा टाइप करू लागल्या. ती मॅच कोण जिंकलं, हे आज त्यालाही आठवत नाही.

पुढे रंगीत पडदे आले आणि मी माळ्यावर गेलो. विद्याधर वारले. मकरंदने आईला शहरातच, पण लांब बेळ्ळंदूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं, तिच्या हट्टामुळे मीही आलो. यंदा सोसायटीने सांगितलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुनी विजेची उपकरणं न्यायला गाडी येईल. मकरंदने मला चपलांच्या कपाटाजवळ ठेवून दिलं. तो वाईट नाही. आईसाठी त्याने मोठ्या टीव्हीवर नवी बाहुली करून घेतली होती, डोळे, बांगड्या, सावली, सगळं असलेली. हेमलताबाईंनी ती पाहिली.

“छान आहे रे. पण ही मी केलेली नाही.”

त्यांनी मला उचलून पायरीवर ठेवलं. मकरंद म्हणाला, दसऱ्यापुरतं चालव, मग गाडीत. त्याच्या टीव्हीला माझी वायर काही बसेना. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या सगुणाबाई आपला जुना छोटा टीव्ही मांडीवर घेऊन बनशंकरीहून रिक्षाने आल्या, सगळा ट्रॅफिक अंगावर घेत. हेमलताबाई टाइप करू लागल्या आणि माझं तिरक्या रेघेचं बटण दाबलंच जाईना. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? बिनहातांची बाहुली म्हणजे माझी गाडी पक्की होती. हेमलताबाईंनी शेजारची बटणं एकेक दाबून पाहिली. मग त्यांनी आडव्या रेघांचे हात लावले, एका चित्रात खांद्याशी, दुसऱ्यात कमरेशी. आता ती रस्ता अडवून उभी असल्यासारखी नाचत होती. मला तर ती पहिल्यापेक्षा जास्त आवडली.

दसऱ्याच्या संध्याकाळी बाहुल्यांना आडवं करून झोपवतात, मग दुसऱ्या दिवशी त्या पेटीत जातात. माझ्या बाहुलीला आडवं कसं करणार? म्हणून हेमलताबाईंनी झोपलेल्या बाहुलीचं तिसरं चित्र केलेलं होतं. ते दाखवायचं आणि मला बंद करायचं, अशी आमची रीत.

“आई, आता तिला झोपव,” मकरंद हळूच म्हणाला. “उद्या सकाळी गाडी येतेय.”

हेमलताबाईंनी राजाराणीला झोपवलं. माझ्या बटणांवर बोटं ठेवली आणि काढून घेतली.

“ही दमली नाही.”

मकरंदने मदतीसाठी सगुणाबाईंकडे पाहिलं. रीतभात मोडलेली त्यांना खपत नसे.

“झोप आली नाही तर कशी झोपवणार, मकरंदा?” त्या म्हणाल्या. “स्वल्प नाचू दे तिला.”

सकाळी गाडी आली. मकरंद बिघडलेला मिक्सर आणि जुने चार्जर घेऊन खाली गेला आणि रिकाम्या हातांनी वर आला. मी चालूच होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. जपलेल्या वस्तू माळ्यावर असतात, मी तिथे राहून आलोय. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला खाली काढा, वायर जोडा आणि कामाला लावा. आम्ही अडलो तर शिव्या द्या, दोन थपडा मारा. पण झोपवायला येऊ नका.