सेन्गा मावशी सभेत बोलते

"हे पत्र परवाच पोचायला हवं होतं," दारावरची बाई म्हणाली. "सभेच्या दोन दिवस आधी. छापलंय त्यावर."

मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. छापलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरांत. सेन्गा मावशी एका गुंतवणूक ट्रस्टची भागधारक, आणि आज त्याची वार्षिक सभा. तिच्या वतीनं मी बोलावं म्हणून तिनं सही करून ते माझ्या हाती दिलं होतं, आणि मी ते पोस्टात टाकायचं सोडून आठवडाभर वर्गात मिरवत होते.

"म्हणजे मी बोलायचं नाही?"

"पाहुणी म्हणून बस. तोंड उघडायचं ते सँडविच खायला."

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी नुकतीच पहिली आले होते. सध्या मला कुठेही उभं करा, मी बोलते. मावशीचं अगदी उलट. स्कॉटलंडमधल्या आमच्या डंडी गावात एका बेकरीत ती पाव विकते, गिऱ्हाइकांशी दिवसभर टकळी चालू असते. पण चार माणसं गप्प बसून ऐकायला लागली की हिची दातखीळ बसते. पगारातून थोडंथोडं बाजूला काढून ती या ट्रस्टचे शेअर घेत आली, आणि ट्रस्ट ते पैसे युरोपभरच्या कंपन्यांत गुंतवतो. वर्षातून एकदा केस सेट करून सभेला यायचं, पहिल्या रांगेत बसायचं, सगळं कान देऊन ऐकायचं आणि एक अवाक्षर न बोलता घरी जायचं. तिच्यासाठी हाच सण. यंदा संचालकांनी ठराव आणला होता की यापुढे सभा फक्त संगणकावर. तेव्हापासून मावशीला अन्न गोड लागत नव्हतं.

"आता तुलाच बोलावं लागणार," मी म्हणाले.

"खुळी का तू? मी चालले घरी."

"माझं भाषण वाच ना."

तिनं चष्मा लावला. "'भागधारकांचे मूलभूत लोकशाही अधिकार...' बये, एवढं म्हणेस्तोवर माझी कवळी पडेल."

आम्ही बसलो. हिशेब झाले, आभार झाले. मग अध्यक्ष मिस्टर ऑगिल्वी ठरावावर आले. "कुणाला काही विचारायचंय?"

मी मावशीला चिमटा काढला, चांगला करकचून. ती उठली. चिमट्यानं उठली की आपणहून, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

"मी सेन्गा. बेकरीत असते." तिच्या मानेवर लाल चट्टे उमटलेले मला दिसत होते. आता ही खाली बसणार, असं वाटलं.

"तुमचा हा माणूस," पैसे गुंतवणाऱ्या साहेबाकडे तिनं बोट केलं, "दरवर्षी सांगतो, कोपनहेगनला गेलो, कानयंत्रवाल्यांचा कारखाना पाहिला. मिलानला गेलो, मालकाशेजारी बसून जेवलो. माणसाच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय शेअर घेत नाही म्हणतो. खरं ना?"

"अगदी खरं," ऑगिल्वी म्हणाले.

"मग पैसे तर माझेपण आहेत. मी तुमच्या डोळ्यांत कधी बघायचं?"

मागून एक म्हातारा ओरडला, "आणि सँडविच काय पडद्यातून देणार का, ऑगिल्वी?"

सभागृह खदखदून हसलं. ऑगिल्वींनी शेजारच्यांच्या कानात काहीतरी विचारलं, मग ते उभे राहिले.

"टपालानं आलेली मतं आमच्या बाजूची आहेत. मोजायला घेतली तर ठराव पास होईल." ते थांबले. "पण बाईंना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. ठराव मागे घेतो. पुढच्या वर्षी इथेच भेटू."

टाळ्या पडल्या. मावशी अजून उभीच होती. बसायचं असतं हे ती विसरली होती.

चहाच्या वेळी तिच्याभोवती घोळका जमला. तो कोपनहेगनवाला साहेबही त्यात होता.

"त्या स्विस चॉकलेटवाल्यांचा भाव का पडलाय?" ती त्याला विचारत होती. "मी तर खायची कमी केलेली नाही."

"मावशी, आपली बस सुटेल," मी म्हणाले.

"पुढची. तुम्ही बोला हो साहेब."

मी तिचा कोट हातावर घेऊन भिंतीशी उभी राहिले. खिडकीतून आमची बस पुलाकडे वळताना दिसली. मावशीची तिकडे पाठ होती.