तात्यांचा पट्टा

आसारामच्या गॅरेजात त्या दिवशी माझ्या गाडीच्या इंजिनाला हवा पुरवणारे दोन इनटेक टेबलावर मांडलेले होते. एक आखूड, इंजिनच्या वरच्या अंगाला बसणारा. दुसरा लांब नळीचा, त्याचा फिल्टर खाली बंपरच्या मागे, चाकाजवळ जातो. खालची हवा गार, म्हणून गाडी जास्त ओढते आणि आवाजही भारदस्त येतो. माझा जीव लांब नळीवरच बसला होता. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण हौसेला मोल नसतं.

आसाराम मात्र आखूड घ्या म्हणत होता. मी ऐकेना, तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला.

"बसवतो. पन मंग फरशीवरच्या पान्यात गाडी घालायची न्हाई. तोंड खाली गेलं हिचं. पानी वढंल आन इंजिन जाम व्हईल."

मी मान डोलावली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो.

तात्या, म्हणजे माझे वडील कारभारी, बाहेर गाडीतच बसले होते. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला श्रीरामपूरला आणावं लागे. ऐन उमेदीची तीस वर्षं त्यांनी नेवासा-श्रीरामपूर जीप चालवली. आमच्या गावाजवळ प्रवरेवर जी फरशी, म्हणजे बुटका पूल आहे, तिच्या कडेच्या दगडावरचा पांढरा पट्टा त्यांनीच मारलेला. पट्टा दिसतोय तोवर गाडी घालायची, बुडाला की मोठ्या पुलावरून वीस किलोमीटरचा फेरा. अख्खा गाव त्या पट्ट्यावर विसंबून होता आणि आजवर एकाचंही चाक अडलं नव्हतं.

काय बसवलं, असं त्यांनी विचारलं. फिल्टर बदलला, एवढंच मी सांगितलं. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावलं असतं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी काच खाली केली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं.

"माझी जीप तरनी झाल्यावानी वाजती रं."

त्या हसण्यासाठी मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला.

पुढच्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं. सकाळी आम्ही फरशीपाशी आलो तर पाणी वरून वाहत होतं. पट्टा मात्र पाण्याच्या वर चांगला बोटभर दिसत होता. मी गाडी उभी केली. फेरा मारायचा तर कारण सांगावं लागणार होतं, आणि डायलिसिसचा नंबरही जवळ आला होता. तात्यांनी मान बाहेर काढून दगडाकडे पाहिलं.

"पट्टा दिसतोय. घाल गाडी."

मी गिअर टाकला आणि गाडी घातली.

मधोमध गेल्यावर इंजिनानं एक हिसका दिला आणि बंद पडलं. पुन्हा काही फिरलं नाही. तात्यांच्या चपला गाडीत झिरपलेल्या पाण्यात तरंगत होत्या. ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढेपर्यंत दोन तास गेले आणि नंबर हुकला. पुढचा नंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा मिळाला.

घरी आल्यावर तात्या भिंतीला टेकून बसले. बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"पट्टा चुकला माझा. नजर गेली आता."

तुमचा पट्टा बरोबर होता, एवढे चार शब्द मला बोलायचे होते. मी म्हणालो, "व्हतं आसं, तात्या." मला माझीच किळस आली, तरी ते चार शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. भाड्याची गाडी मोठ्या पुलावरून निघाली, पण तात्या श्रीरामपूरपर्यंत पोचले नाहीत.

दहाव्याला नदीवर सगळा गाव होता. कारभारी आयुष्यात एकदाच चुकला, असं माणसं हळहळून बोलत होती. विधी उरकल्यावर गावातले जाणते वाल्मिकअण्णा म्हणाले, आता पट्टा वीतभर खाली घ्यावा, उगाच कुणाचा जीव जायला नको. सगळ्यांना पटलं. कुणीतरी चुन्याचा डबा आणला आणि कुंचला माझ्या हातात दिला, मुलगा म्हणून.

मी खाली वाकलो. आधी तात्यांचा पट्टा खरवडून काढला, मग वीतभर खाली नवा मारला.