वस्तादांचा गुळगुळीत गुन्हा

वस्तरा चालवण्यात वस्तादांचा हात धरणारा त्या अख्ख्या रस्त्यावर कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा सांगत. तेव्हा बायकोचं सिझेरियन ठरल्यावर आदल्या संध्याकाळी तिच्या ओटीपोटावरचे केस त्यांनी घरीच, कोऱ्या पात्याने काढून टाकले, यात नवल ते काय! परक्या हातांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

सकाळी ऑपरेशनआधी वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरनी पोट पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे कोणी केलं?"

"यांनी," बायको कौतुकानं म्हणाली.

"एक ओरखडा दाखवा, सिस्टर," वस्ताद मिशीत हसले. "धंदा सोडून देईन."

"दिसत नाहीत म्हणून तर घात होतो! पात्यानं कातडीला बारीक बारीक चिरा पडतात. त्यात जंतू शिरतात आणि मग टाके पिकतात. आम्ही वस्तरा लावतच नाही. गरज पडलीच तर मशीननं केस कापतो, तेही इथंच. घरी काही करू नका, असं कागदावर लिहून दिलं होतं ना?"

कागद वस्तादांनी वाचला होता. तो सामान्य माणसांसाठी असावा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

"मग आता?" त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. ऑपरेशन पुढे ढकलण्याजोगं काही नव्हतं.

"आता सगळ्यांना करतो तेच," सिस्टर म्हणाल्या. "आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मग पोट औषधानं स्वच्छ. पुढे जखमेवर डोळा ठेवायचा. लाली, सूज, पू, ताप, काहीही दिसलं की लगेच सांगायचं."

तासाभरात मुलगी झाली, टपोऱ्या गालांची आणि खणखणीत आवाजाची. वस्तादांनी सलूनला कुलूप ठोकलं आणि खोलीच्या दारात ठाण मांडलं. हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडेनात. सख्ख्या आईला तीनदा परत पाठवलं.

"अरे मेल्या, तुला याच हातांनी न्हाऊमाखू घातलं!"

"तेव्हा धुतले होतेस ना? आताही धू."

मेहुण्याला कॉटवर टेकू दिलं नाही. एकदा तर फेरीवर आलेल्या डॉक्टरीणबाईंनाच अडवलं, तेव्हा वॉर्डभर हशा पिकला. चार दिवसांनी घरी गेल्यावरही हाच पहारा. लोक हसत होते, पण वस्तादांचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या फुशारकीपायी हिची जखम चिघळली तर?

आठव्या दिवशी दवाखान्यात टाके काढले. वस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"वळा इकडे," सिस्टर म्हणाल्या. "बघा, कोरडी ठणठणीत जखम. थोडं तुमचं नशीब आणि बाकी आमची मेहनत. वस्तऱ्याचं श्रेय शून्य."

वस्तादांनी वळून पाहिलं, आणि एवढा मोठा गडी ढसाढसा रडला.

"आता तरी लेकीला घ्या," बायको हळूच म्हणाली. "आठ दिवसांत एकदाही हात लावला नाहीत. का, ते मला कळत नव्हतं होय?"

वस्तादांनी हात पुढे केले. ते लटलट कापत होते. बायकोनं मुलगी त्यांच्या हातांवर ठेवली, आणि कापणं थांबेपर्यंत आपले हात खालून काढले नाहीत.