पेटीला कान आहेत, तोंड नाही

मित्रांनो, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात कपाट आणि कूलर यांच्यामध्ये जी धुळकट हार्मोनियम दिसते, ती मी. लोक मला नुसतं पेटी म्हणतात. माझा भाता दोनदा बदललाय, एक सूर कायमचा घोगरा आहे, पण कान अजून शाबूत आहेत. ऐकू येत असून बोलता न येणं ही काय शिक्षा असते, तेच आज तुम्हाला सांगायचंय.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. समज आली तेव्हा मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका सिंधी कुटुंबात होते. तिथे रोज सकाळी भजनं व्हायची. मग त्यांच्याकडे कीबोर्ड आला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात फळीवर जाऊन बसले. तिथून मला शिवरामने उचललं. शिवराम अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगार होता आणि सुट्टीच्या दिवशी गायक. त्याची गायन पार्टी बुद्ध-भीमगीतांसाठी नावाजलेली. वांगणीपर्यंतची बोलावणी यायची. "शिवरामची पट्टी काळी पाच," असं लोक कौतुकाने सांगत. काळी पाच म्हणजे माझ्या एका सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांतली शेवटची, फार चढी. तिथे गाणारा उघड्या मैदानातही दूरवर ऐकू जातो. त्या दिवसांत मलासुद्धा हार घालायचे.

शिवरामचा मुलगा राजरत्न. तोही लहानपणी काळी पाचमध्येच गायचा. चौदाव्या वर्षी, भर भीमजयंतीच्या मंचावर त्याचा आवाज चिरकला आणि लोक हसले. वयात येताना सगळ्याच मुलांचा आवाज फुटतो, तसा त्याचाही फुटत होता. काही दिवस पट्टी उतरवली असती तर भागलं असतं. पण शिवराम म्हणाला, "पट्टी उतरवली तर पार्टीचं नाक कापलं जाईल." राजरत्नाने गाणं सोडलं आणि ओठ घट्ट मिटून पेटी वाजवायला शिकला. सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांना सूर देतोय. स्वतः त्याने साधं गुणगुणलेलंही मी ऐकलेलं नाही.

शिवराम गेला. आता पार्टीचा मुख्य गायक म्हणजे राजरत्नाचा मुलगा धम्मदीप, आठवीतला. यंदा जयंतीची तालीम सुरू झाली आणि पहिल्याच गाण्यात त्याचा आवाज फाटला.

"काय रे, गला बैठ गया क्या?" ढोलकीवाला सुजित हसला.

"बर्फाचा गोळा खाल्ला असशील," धम्मदीपची आई सुनंदा म्हणाली. तिने हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला लावला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खरं तर राजरत्नानेच पोराला समजवायला हवं होतं, पण त्याला स्वतःचंच कधी कोणी समजावलं नव्हतं. त्याने मान खाली घालून पुन्हा काळी पाच दाबली.

एका दुपारी घरात कोणी नसताना धम्मदीप माझ्यासमोर येऊन बसला. ओठांवर नुकती लव फुटलेली, हातपाय अचानक लांब झालेले. त्या हातापायांचं काय करावं हेही बिचाऱ्याला कळत नव्हतं. त्याने काळी पाच धरली. आवाज फाटला. एक पट्टी खाली आला, तिथेही फाटला. आणखी एक खाली, तिथे नुसता घोगरेपणा.

"मीच खराब झालोय," तो पुटपुटला.

मित्रांनो, हे तो पुटपुटला ते बरोबर माझ्या पांढरी एकच्या, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांतल्या पहिलीच्या सुरात. त्याचा नवा आवाज काळी पाचपासून एका वितीवर खाली, केव्हाच येऊन बसला होता. मला ओरडून सांगायचं होतं, पोरा, अजून खाली ये. पण माझा भाता दुसऱ्याच्या हातात. त्याने झाकण लावलं. इतकं असहाय मला त्या दुकानाच्या फळीवरही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो राजरत्नाला म्हणाला, "पप्पा, जयंतीला दुसरं कोणी बघा. मी नाही गाणार. मला पेटी शिकवा."

"नक्की?"

"तुम्ही पण तेच केलं ना."

राजरत्न शिकवायला बसला. नवशिक्याला कोणी काळी पाचवरून शिकवत नाही. सुरुवात पांढऱ्या पट्ट्यांवरून करतात. त्याने धम्मदीपचं बोट पांढरी एकवर ठेवलं. "हा सा. दाबताना तोंडाने पण म्हण, म्हणजे लक्षात राहील."

"सा," धम्मदीप म्हणाला.

जाड, संथ, जरासुद्धा न थरथरता आलेला आवाज. धम्मदीपने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का. मग पुन्हा म्हणाला.

"पप्पा, हा माझा आहे?"

"तुझाच."

पोरगा उठला आणि "मम्मी, ऐक ना" करत स्वयंपाकघरात धावला. तिथून त्याचा सा पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पण राजरत्न माझ्यापाशीच बसून होता. चाळिशीचा माणूस. त्याने भाता हलवला, तीच पट्टी दाबली, तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. त्याचाही आवाज तिथेच आहे. तो फोनवर बोलतो तेव्हा मी रोज ऐकते. सव्वीस वर्षं मी त्याला हे सांगू शकले नाही आणि त्या दिवशीही नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुमच्या गळ्यात, अंगात, मनात काही बदलू लागलं तर खराब झालो असं म्हणून झाकण लावू नका. मोठ्यांना विचारा. ते लाजले तर पुन्हा विचारा, कारण त्यांनाही कदाचित कोणी सांगितलेलं नसेल. आणि तुमचा सूर सापडला की आनंदाने पळत सुटाल, जरूर पळा. फक्त एकदा वळून बघा, मागे पेटीपाशी कोण बसून राहिलंय.