नावं ठेवलेली गाडी

दयानंदना एक भारी खोड होती. एखादी वस्तू मनात भरली की ते तिला नावं ठेवायचे. नोकरीनिमित्त आखातात राहत होते, तिथल्या सीबच्या मासळीबाजारात पापलेट आवडलं की म्हणणार, "डोळे बघा कसे खोल गेलेत." आवडलं असं दाखवलं की विकणारा डोक्यावर बसतो, ही त्यांची ठाम समजूत. गिरिजाला बघायला गेले तेव्हाही "उंची जरा कमीच आहे" एवढंच बोलून बाहेर पडले, आणि घरी आईला म्हणाले, करीन तर हिच्याशीच. गिरिजाला मात्र तेवढं पहिलं वाक्य लक्षात राहिलं.

सत्त्याण्णव साली त्यांना कळलं, की जवळच्या बरका गावात कासम नावाच्या म्हाताऱ्या अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खजुराच्या बागेत कापडी टपाची एक जुनी उघडी गाडी विकायला आहे. पिवळीधम्मक. कॉलेजात असताना ट्रंकेवर चिकटवलेल्या चित्रातली, अगदी तीच. शुक्रवारी गिरिजाला घेऊन ते निघाले.

कासमनं कहवा पाजला, हलवा खाऊ घातला. हिंदी तो फर्डी बोलायचा. "नीट बघून घ्या," म्हणाला. झालं, दयानंद कामाला लागले.

"टप उन्हानं विटलाय. शिवणही उसवलीय."

कासमचा चेहरा पडला. त्यानं आपल्या मेकॅनिकला, सादिकला हाक मारली. "पाहुण्याला खराब माल द्यायचा का? काढ तो." सादिकनं टप उतरवून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला.

दयानंदना वाटलं, भाव करायची इथली पद्धतच असेल ही. ते पुढे सरसावले. "दारं लोंबतायत. बिनछपराची गाडी मधून खचली की दारं नीट बसत नाहीत." दारं गेली. "समुद्राच्या हवेनं खालचा पत्रा गंजलाय." सादिकनं पत्रा कापून काढला. आता दयानंदना घाम फुटला, आणि घाबरले की त्यांची जीभ आणखीच सैल सुटायची. बॉनेटला पोचा, दिवे आंधळे, इंजिनाला तेलाची गळती. जे जे बोलतील ते ते खजुराखाली जाऊन पडत होतं.

गिरिजा तेवढी गाडीत बसून होती. तिचे पाय वाळूत टेकले होते. "अहो, पुरे करा आता," ती म्हणाली.

कासम जवळ आला. "आणि ही सीट कशी आहे?"

स्प्रिंग कुरकुरत होती. दयानंदांच्या ओठावर आलंही. पण ही गेली की गाडी खलास, आणि बायको वाळूत. "सीट चांगली आहे. सगळी गाडीच चांगली आहे. अशी गाडी मिळावी म्हणून मी तीस वर्षं वाट बघितली हो."

"मग आधी का नाही बोललात?" कासम कळवळला. "सादिक, यल्ला, चल लवकर, सगळं परत जोड."

सादिक दार घेऊन आला, पण गिरिजा उठेना. दोन्ही हातांनी सीट धरून तिनं विचारलं, "आणि माझी उंची?"

काय चाललंय ते कासमला समजेना, पण प्रश्न तपासणीचा आहे एवढं त्यानं ओळखलं. सादिकही पाना हातात धरून उत्तराची वाट बघत थांबला.

"बरोबर आहे," दयानंद म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बरोबरच होती."

मग ती उठली.