लॉर्न टेटच्या गोलआधीची चकती

मी एक रबराची चकती बोलतेय. काळी, तळहातावर मावेल एवढी आणि बहुतेक वेळ गार. आइस हॉकीत सगळे जिच्यामागे काठ्या घेऊन धावतात, ती मी. पण लॉर्न टेटनं ज्या चकतीनं तो गाजलेला गोल केला, ती मी नव्हे. ती टॅलन फॉल्सच्या मैदानाच्या दारात काचेच्या पेटीत बसलीये. पोरंसोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. मी तिच्या आधीची. माझ्यानंतर तिला बर्फावर टाकलं.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडले, तेवढीच काय ती माझ्या आयुष्यातली ऊब. तिथून मी आले ती थेट रोझेर बेलेकच्या बर्फाच्या पेटीत. रोझेर म्हणजे टॅलन फॉल्स संघाचा सर्वेसर्वा. खेळाडूंच्या बुटांच्या पात्यांना धार लावायची, मोडलेली नाकं सरळ करायची आणि सामन्याआधी आम्हा चकत्यांना गोठवायचं, ही सगळी त्याचीच कामं. कोमट चकती बर्फावर टणाटण उडते, गोठलेली गुमान सरपटते. म्हणून आम्हाला बधिर करूनच खेळायला सोडतात. पेटीत माझ्या एका अंगाला हरणाचं मांस असायचं. आमचं कधी बोलणं झालं नाही.

त्या दिवशी अंतिम सामना होता, पोर्ट एल्गाशी. गावातली निकेलची खाण सुट्टी देत नाही, त्या दिवशी दिली.

पेटीशेजारच्या बाकावर आर्वो हिएताला उजवा पाय लांब करून बसला होता. आर्वो बचावफळीतला. खाणीत काम करणारा, अबोल, फिनिश घरातला. गेल्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला होता. मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबाचा माणूस दोनदा येऊन त्याचा खेळ बघून गेला होता आणि शरदात सरावाला ये म्हणाला होता. खाणीतून वर यायचा आर्वोचा तेवढा एकच रस्ता होता, आणि तो त्या घोट्यावरून जात होता.

"खरं सांग लेका, दुखतंय?" रोझेरनं विचारलं.

"सकाळी मोजा चढवताना असा ओरडलो की सिल्वीच्या हातून कॉफी सांडली. यावरून काय ते ओळख."

सिल्वी त्याची बायको. संघाचे डॉक्टर पाय बधिर करायची सुई भरत होते. ते म्हणाले, "पुन्हा तिथंच लागलं ना आर्वो, तर शरद विसर."

"तुम्ही टोचा हो. भाषण सामना झाल्यावर."

सुई टोचली. थोड्या वेळानं रोझेरनं घोट्यावर चमच्यानं टकटक केलं. "आहे का पाय?"

"कुणाचा पाय म्हणतोस?" आर्वो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मीही त्याच अवस्थेत होते, पण मला कोण विचारणार.

शेवटचा डाव आला. दोन्ही संघांचे गोल सारखे. आधीची चकती प्रेक्षकांत गेली आणि पंचांनी मला खाली टाकलं. मी किती वेळ खेळात होते? तुम्ही चहात साखर ढवळाल तेवढा वेळ. पोर्ट एल्गाच्या एका आडदांडाला मी मोकळी मिळाले. आमचा गोलरक्षक उताणा पडला होता, मागे जाळी सताड उघडी. त्या आडदांडानं काठी खांद्यावर नेली आणि मला हाणलं.

मधे आर्वो आडवा झाला. मुद्दाम, पाय पुढे करून.

मी थेट त्याच्या उजव्या घोट्यावर आदळले. आत हाड तडकलं, तो आवाज मी ऐकला. गर्दी आरडत होती, दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. आणि ज्याचं हाड, त्यालाही कळलं नाही. तो उठला, तडकलेल्या पायावर उभा राहिला आणि त्यानं मला काठीनं भिरकावलं. मैदानाच्या कडेच्या लाकडी कठड्यावरून उडून मी आमच्याच बाकाजवळ रोझेरच्या पायाशी पडले. खेळ थांबला.

आर्वो बाकावर येऊन टेकला, त्याच्या जागी दुसरा आत गेला.

"मोडला का रे?" रोझेरनं विचारलं.

"काय माहीत. बूट सैल लागतोय."

"उभा राहिलास ना? मग मोडलेला नाही." या लोकांची हीच तपासणी. उभं राहता आलं की पाय चांगला. त्याच पायाला सुई टोचून आणलंय, हे दोघंही विसरले होते.

आर्वो खाली वाकून बुटाची नाडी आवळू लागला. तेवढ्यात पंचांनी नवी चकती टाकली, लॉर्न टेटनं ती आपल्याच टोकाला पकडली आणि सगळ्यांना चकवत थेट पलीकडच्या जाळीत घातली. तो गोल मी पाहिला नाही, मी जमिनीवर होते. आर्वोनंही पाहिला नाही. छप्पर उडेल असा गलका झाला तेव्हा त्यानं मान वर केली, आणि सगळे उड्या मारून आत गेले तसा तोही गेला. लॉर्नच्या खांद्यावर चढला, नाचला. फोटोत दिसतो तो, तोंड उघडं टाकून.

रोझेरनं नंतर त्याचा बूट कात्रीनं कापून काढला. डॉक्टर हळूच म्हणाले, "नुसता तडकला असता तर सांधला असता. नाचण्यात चुरा झालाय."

शरदात क्लबानं लॉर्नला नेलं. आर्वो खाणीत राहिला, पण वरच्या शेडमधे, बसून करायच्या कामावर. रोझेरनं मला उचलून खिशात टाकलं होतं. एक दिवस तो सिल्वीकडे आला, मला ओट्यावर ठेवलं आणि कॉफी न घेताच गेला. त्याला वाईट वाटत होतं. मला काही वाटत नव्हतं, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

दरवर्षी त्या दिवशी गावातल्या फिनिश लोकांच्या सभागृहात सगळे जमतात. वेलदोड्याचा पाव, कॉफी, आणि रेडिओच्या माणसाकडचं त्या गोलचं ध्वनिमुद्रण. यंदा सिल्वीनं मला पर्समधे घालून नेलं. पंचांच्या शिट्टीपासून आवाज सुरू झाला तशी ती उठली.

"थोडं मागून लाव ना."

"मागे काही नाहीये, सिल्वीकाकू. खेळ थांबला तेव्हा रीळ बदललं होतं. आधीचं रीळ पुसून त्यावर रविवारची प्रार्थना भरली."

सिल्वीनं मला टेबलावर ठेवलं. "ही त्याच्या आधीची."

"अरे वा! दार आपटू नये म्हणून खाली लावायला बरी आहे," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. त्या दिवसासाठी गावी आलेला लॉर्न टेटही हसला. माणूस वाईट नाही तो. तो आर्वोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पण नाचला काय होतास लेका!"

"हो ना," आर्वो म्हणाला. "लाव रे, लाव. मला ऐकू दे." आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

तुम्ही कधी टॅलन फॉल्सला आलात तर काचेतल्या चकतीला जरूर बघा, तिचा काही दोष नाही. माझं मागणं एवढंच, की कुणी असली मोठी गोष्ट सांगू लागलं तर त्याला थोडं मागून सुरू करायला सांगा. मला भेटायला येऊ नका, मी कामात असते.

काम म्हणजे काय, तर थंडीत आर्वोचा घोटा सुजतो. मग सिल्वी मला फ्रिजमधून काढते आणि त्यावर धरते. त्या दिवशीही सभागृहातून आल्यावर तिनं तसंच केलं.

"इतक्या वर्षांत विचारलं नाही," सिल्वी म्हणाली. "आडवा पडलास, त्याचा पस्तावा होतो?"

"छे."

"मग?"

आर्वोनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाडी नंतर बांधली असती तर चाललं असतं गं. गोल बघायचा होता मला."