दोन दिवसांपुरतं

सहा वर्षांनी तो छोटा ट्रक गॅरेजात परत आला आणि फिटरने तो लांबूनच ओळखला. न ओळखायला काय झालं, त्याच्या धाकट्या भावाचाच होता. भावाने विकल्यावर एका नर्सरीवाल्याने घेतला होता. आता नर्सरीवाला रडत आला होता: काळा धूर सोडतो, पेट्रोल ढसाढसा पितो, तापला की अडखळतो.

हेच रडगाणं तेव्हा भावाचं होतं. एकदा नाही, तीनदा आला बिचारा. सायलेन्सरपुढे धरून काळाकुट्ट झालेला रुमालही त्याने पुरावा म्हणून आणला होता. फिटरने इंजिनाला कान लावला, प्लग बदलले, फिल्टर बदलला. तरी काही सापडेना. मग आपल्याला कळत नाही असं सरळ म्हणायचं सोडून हा गडी भावावरच घसरला. तेही जेवताना, दोघांच्या बायकांसमोर.

"गाडीला काही धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "तुझाच पाय जड आहे."

सगळे हसले. भाऊही हसला. महिन्याभरात त्याने ट्रक विकला आणि एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली.

आता फिटरकडे स्कॅनर होता. इंजिन थंड असताना जोडला, तर पाण्याचं तापमान वीस. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरला हात लावायची सोय राहिली नाही, आणि स्कॅनर आपला वीसवरच. म्हणजे इंजिनाचा कंप्युटर गाडी थंडच आहे असं समजून पेट्रोल ओतत बसला होता. सेन्सर गेलाय, सोपं काम, असं म्हणून फिटर वायर चाचपत गेला. सेन्सरच्या अलीकडे बोटांना टेपची गाठ लागली. टेपवर सुतळीचे तीन वेढे होते. अशी सुतळी त्या अख्ख्या गल्लीत एकच माणूस बांधायचा. तो म्हणजे फिटर स्वतः.

टेप सोलली तर आत बोटाच्या पेराएवढा रेझिस्टर, वायरीतली वीज अडवणारा तुकडा. मग सगळं आठवलं. सेन्सर मेला होता, नवा यायला दोन दिवस होते, आणि भावाला सकाळी माल पोचवायचा होता. यानेच मधे रेझिस्टर टाकून कंप्युटरला वीसची थाप मारून ठेवली होती. "दोन दिवस काढ, मग नवा बसवू." पुढे धुराची तक्रार आली तेव्हा त्याने सगळं तपासलं, ती वायर सोडून. ती काय तपासायची, ती तर त्याने स्वतः केली होती.

त्याने टेबलाचा खण उपसला. तळाशी सेन्सरचं न फोडलेलं पाकीट होतं आणि त्यावर त्याच्याच अक्षरात या ट्रकचा नंबर. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सेन्सर बसवला आणि धूर थांबला. नर्सरीवाल्याला चक्कर मारून बघतो म्हणाला आणि ट्रक थेट गोदामाच्या फाटकावर नेला. भाऊ खुर्चीवरून उठला. फिटरने काही न लपवता सगळं सांगितलं. सुतळी सांगितली, पाकीटही सांगितलं. भावाने ऐकून घेतलं, मागे गेला, खिशातला रुमाल काढून सायलेन्सरपुढे धरला. रुमाल पांढराच राहिला. 

"चूक माझी होती," फिटर म्हणाला आणि किल्ली पुढे केली. "एक फेरी मार. तुझ्या हाताने."

"लायसन्स संपलं, दादा. पुन्हा काढलंच नाही."

"का?"

"तू म्हणालास ना, पाय जड आहे." भावाने रुमालाची नीट घडी घातली. "मला ते खरं वाटलं. तुला गाडीतलं कळतं."

मागे मालाची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. भावाने त्याला ट्रक जरा बाजूला घ्यायला सांगितलं आणि तो फाटक उघडायला गेला.